एकाच नंबरचे दोन कॉम्प्युटर

मंगळवार, १२ ऑगस्ट

चि. ठमाबाईस,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही बरे आहोत, तिकडे तुम्हीही बरे असाल असं धरून चालतो. तसं धरल्याशिवाय पत्र पुढेच सरकत नाही.

पाकीट बघून दचकली असशील. बाबा आणि पत्र! ज्या माणसानं आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगितलं की कागद कशाला नासता, मेल करा, त्यानं स्टेशनरीच्या दुकानात जाऊन पाकीट मागितलं. दुकानदारानंही माझ्याकडे असं बघितलं की मी जणू त्याच्याकडे दौत-टाक मागतोय. फोन करायचं मनात होतं. पण घरून केला की शेजारी आई असते, दुकानातून केला की शेजारी ऑपरेटरबाई असतात, आणि तू उचललास की तुझ्या शेजारी जावईबापू असतात. एवढ्या शेजाऱ्यांत बोलायचं ते राहतं आणि 'पाऊसपाणी काय म्हणतंय' यावर फोन संपतो.

ऑपरेटरबाई म्हणजे आपल्या दुकानात नव्यानं फोनवर बसवल्यात त्या. पूर्वी टेलिफोन खात्यात होत्या. आवाज मधाळ, पण गिऱ्हाइकाचं खोटं पहिल्या वाक्यात पकडतात. मला म्हणाल्या, "साहेब, 'मी काहीच केलं नाही' असं ज्यानं फोन उचलताच सांगितलं, त्यानंच केलेलं असतं." मी त्यांचा पगार तिथल्या तिथे वाढवायला हवा होता. पण हसण्यावारी नेलं.

परवा दाताच्या डॉक्टरांचा फोन. "कॉम्प्युटर मेला, पेशंट आ वासून बसलेत!" मी म्हटलं, "डॉक्टर, जरा मागे वाकून वायर बघा." "अहो, मी काय लहान मूल आहे?" आणि मग एक लांब शांतता. ती शांतता मी ओळखतो. माणूस टेबलाखाली असतो आणि त्याला सुटलेली वायर सापडलेली असते. अशा वेळी घाई करायची नसते. थोड्या वेळानं मीच म्हटलं, "आता झाला असेल बघा चालू, कधीकधी आपोआप होतो." "हो, आपोआपच झाला," डॉक्टर म्हणाले. गिऱ्हाईक टिकतं ते असं. मला कुणी इंजिनिअर केलं नाही, तुला माहीतच आहे. दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरची धूळ पुसत पुसत मी दुकानाचा मालक झालो. पण कान देवानं चांगले दिले. पंख्याच्या घरघरीवरून मशीन कळतं आणि पलीकडच्या श्वासावरून माणूस.

बरं. आता तुझ्या लॅपटॉपविषयी.

तू मागे आलीस तेव्हा तो मी तुला तयार करून दिला. सगळं एकेक करून नव्यानं घालायचं म्हणजे अख्खा दिवस गेला असता आणि तुझी तर निघायची गडबड. म्हणून मी एक आळशीपणा केला: आईच्या कॉम्प्युटरची डिस्क जशीच्या तशी तुझ्यात उतरवली. मग आईचं मेल वगैरे काढून टाकलं आणि तुझ्या हातात दिला. दुकानात कुणी असं केलं असतं तर मी त्याला फैलावर घेतलं असतं. कारण त्या डिस्कवर माझा तो दुरून बघायचा प्रोग्रामही होता. सगळ्या गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरवर तो असतो. प्रत्येकाला एक नंबर, आणि माझ्या दुकानातल्या यादीत त्या नंबरापुढे नाव. नावावर टिचकी मारली की त्यांचा पडदा माझ्या पडद्यावर. डिस्क उतरवली तेव्हा नंबरही उतरला. म्हणजे दोन माणसांना एकच टेलिफोन नंबर दिल्यासारखं झालं. मी 'घर' म्हणून टिचकी मारणार, आणि जो कॉम्प्युटर त्या वेळी जागा असेल तो उत्तर देणार. आईचा, नाहीतर तुझा.

आणि दोन्ही आतून एकसारखे! तेच चित्र, त्याच खुणा त्याच जागी. जुळ्या पोरींना एकसारखे फ्रॉक घातल्यासारखे.

गेल्या गुरुवारी सकाळी आई म्हणाली, प्रिंटर अडकलाय, विणकामाचा नमुना निघत नाहीये, वेळ मिळाला तर बघा. दुपारी दुकानातून मी 'घर'वर टिचकी मारली. पडदा उघडला. मी लगेच बंद केला.

ते असो.

तुझी खोली मी परवा झटकून घेतली. खिडकीची बिजागरी कुरकुरायची तिला तेल दिलं. गादीला ऊन दाखवलं. कारण काही नाही, रिकामी खोली बंद राहिली की कुबट होते. आईनं विचारलं, "आज काय हे नवीन?" मी म्हटलं, "हात शिवशिवत होते." जावईबापू कसे आहेत? गेल्या खेपेला जरा गप्प गप्प वाटले. तुझी नोकरी बरी चाललीय ना? जावईबापू कसे आहेत ते नक्की कळव. हे मी दोनदा विचारलं वाटतं. खोडत नाही.

ठमे, सरळ लिहितो. पडद्यावर भाड्याच्या खोल्यांची जाहिरात होती. वर शोधायच्या चौकटीत लिहिलं होतं, 'एका व्यक्तीसाठी खोली'. आणि माझा हात माऊसवर नसताना पडद्यावरचा बाण खाली खाली सरकत होता. एकेका खोलीवर थांबत होता. घाईनं नाही. बघणाऱ्याला खरंच घ्यायची असते तेव्हा थांबतो तसा.

मी लगेच बंद केलं यावर विश्वास ठेव. दुसऱ्याच्या पडद्यावर कामापलीकडे नजर टाकायची नाही, हा माझा धंद्यातला पहिला नियम आहे. पण दिसलेलं न दिसलेलं करता येत नाही. आधी मला वाटलं आईच काहीतरी चाळतेय, कुणा मैत्रिणीसाठी वगैरे. मग नंबराची भानगड लक्षात आली. मला कळत नाही हे काय आहे. तू फोनवर हसतेस, जावईबापू मागून 'बाबांना नमस्कार सांग' म्हणतात, आणि इकडे एका व्यक्तीसाठी खोली. यातलं खरं कुठलं?

आईची शक्यता मी विचारात घेतली, धंद्याची सवय म्हणून सगळ्या शक्यता तपासतो. पण ती भावाकडे राहायला गेली तर दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन परत येते. 'तिथे उशी बरोबर नाही' म्हणते. तेव्हा ती शक्यता बाद.

मेल केला नाही, कारण तो कुठे कुठे उघडेल याची मलाच खात्री उरलेली नाही. कागदात मला दुरून डोकावता येत नाही, म्हणून कागद. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव. आणि लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्यात खाली जो निळा ठिपका आहे, तो प्रोग्राम आधी काढून टाक. त्यानंतर काय हवं ते शोध.

खिडकी आता अजिबात कुरकुरत नाही.

तुझा,
बाबा


सोमवार, २५ ऑगस्ट

चि. ठमाबाईस,

तुझं चार ओळींचं उत्तर पोचलं. इतक्या वेळा वाचलं की ऑपरेटरबाईंनी विचारलं, "साहेब, कोर्टाची नोटीस आहे का?"

'बाबा, मी कुठेही जात नाहीये. आमचं छान चाललंय. प्रोग्राम काढून टाकला. तुम्ही काळजी करू नका आणि कृपा करून काही करू नका.'

पहिल्या तिन्ही वाक्यांनी माझं समाधान झालं असतं. पण 'काही करू नका' हे तू का लिहिलंस? जिथे काही नसतं तिथे काय करू नका म्हणून सांगतात? तू पहिल्याच वाक्यात 'मी काहीच केलं नाही' म्हटल्यासारखंच केलंस, ठमे. मला बाईंचा नियम आठवला.

मग मी शांतपणे बसलो आणि जसं गिऱ्हाइकाच्या मशीनचं करतो तसं केलं. आईचा कॉम्प्युटर घरी जाऊन बघितला, तिच्यासमोर, प्रिंटरच्या निमित्तानं. तिच्या पडद्यावर अक्षरं ही मोठी मोठी. मीच तिला करून दिली होती, चष्मा सारखा शोधावा लागू नये म्हणून. तुझ्या लॅपटॉपवर उतरवली तेव्हा तीही मोठी आली असणार, पण तू काय ती तशी ठेवणार? आणि मला त्या गुरुवारी जे दिसलं ते बारीक अक्षरात होतं. एका पडद्यावर कितीतरी खोल्या मावल्या होत्या. आईच्या पडद्यावर दोन खोल्यांच्या पुढे तिसरी मावत नाही, मी करून बघितलं. तेव्हा तो लॅपटॉप तुझाच होता. यात आता शंका नाही.

प्रिंटरचं म्हणशील तर तो बरा आहे. आईच्या विणकामाचा नमुना निघाला. मी तिला म्हटलं, "बघ, कागद तिरका बसला होता, एवढंच." ती म्हणाली, "मी तेच म्हटलं होतं." मी म्हटलं, "तू म्हणालीस अडकलाय." ती काही बोलली नाही. हल्ली ती मधेच गप्प होते. तुझी काळजी तिलाही लागलेली दिसते. आयांना न सांगता कळतं.

बोलायला अवघड जातं हे मी समजू शकतो. फोनवर लोक मला रडत रडत सांगतात की 'सगळे फोटो गेले', आणि खोदत गेलं की कळतं, फोटो गेलेले नसतात, घरात भांडण झालेलं असतं. मी फोटो शोधून देतो. भांडणाचं मला काही करता येत नाही, पण फोटो मिळाले की आवाज खाली येतो हे मी ऐकलंय. तसंच तुझं. मला सगळं सांगायची सक्ती नाही. एक टोक धरायला दे, बाकीचं मी बघतो.

शुक्रवारी न राहवून मी जावईबापूंना त्यांच्या ऑफिसात फोन केला. तू रागावशील. मी आडून आडून गेलो. म्हटलं, "माणसानं घरात मोकळं बोलावं." ते म्हणाले, "हो बाबा." मी म्हटलं, "मनात काही असेल तर साठवू नये, साठलं की यंत्र तापतं." ते म्हणाले, "बाबा, लॅपटॉपचा पंखा साफ करू का?" मला हा माणूस कळत नाही. एकतर फार साधा आहे, नाहीतर फार पोचलेला. श्वासावरून तरी साधा वाटला. मग तू का निघालीस? माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय. सगळी लक्षणं तपासावीत तर मशीन ठणठणीत, आणि तरी ते बंद पडायच्या बेतात आहे हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं.

तर मी ठरवलंय. शनिवारी छोटा टेम्पो घेऊन येतो. कुणाशी एक शब्द वाकडा बोलणार नाही. तुला यायचं असलं तर पुस्तकं आणि कपडे भरू. नसलं तर चहा पिऊन परत येईन, म्हणेन या बाजूला काम होतं. परक्या घरात एकटीनं खोली घ्यायची तुला गरज नाही, तुझी खोली इथे आहे. तुझं जुनं टेबल भिंतीकडे सरकवलंय, उजेड डावीकडून येतो आता.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला उगीच घोर नको. सगळं मार्गी लागलं की सांगू.

येतोच.
बाबा


रविवार, ३१ ऑगस्ट

ठमे,

शनिवारी तू दारात वाट बघत उभी होतीस की खिडकीत, मला माहीत नाही. आईनं तुला फोन केला असणारच. मी आलो नाही, येणारही नाही. जावईबापूंना सांग, पंखा साफ करू नका, बाबांनाच ताप होता.

शुक्रवारी संध्याकाळी मी तुझ्या खोलीतलं कपाट रिकामं करत होतो. आईची लोकर, सुया, जुन्या साड्या असं तिथे साठलेलं, ते खोक्यात भरत होतो. आई बाहेरून आली, पिशवी न ठेवताच दारात उभी राहिली.

"हे काय चाललंय?"

"जागा करतोय."

"कुणासाठी?"

मी म्हटलं, "बस. सांगतो." ती बसली नाही. मग मी सांगितलं. नंबर, डिस्क, बारीक अक्षरं, तुझं चार ओळींचं पत्र, टेम्पो, सगळं. माझं म्हणणं अगदी मुद्देसूद होतं, ठमे. कुठे फट नव्हती. ती ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला लागत नव्हतं. आधी वाटलं रडेल. मग वाटलं हसेल. शेवटी तिनं पिशवी खाली ठेवली.

"तिला आणायला जाऊ नका," ती म्हणाली. "खोली मी शोधतेय."

मी म्हटलं, "पण लॅपटॉप तर तिचा होता."

बघ, मला त्या क्षणी हे सुचलं. बायको म्हणतेय मी घर सोडतेय, आणि मी म्हणतोय लॅपटॉप तिचा होता.

"तिचाच होता," आई म्हणाली. "मीच तिला म्हटलं, तू शोध. माझ्या कॉम्प्युटरवर शोधलं असतं तर तुम्हाला दिसलं असतं."

ठमे, मी मशीन बरोबर ओळखलं होतं. त्यापुढचं सगळं चुकलं. मी हातातली लोकर परत कपाटात ठेवली, मग खोक्यात, मग पुन्हा कपाटात. आई म्हणाली, "राहू द्या ती."

मी विचारलं, माझं काय चुकलं. ती म्हणाली, काही नाही. मी विचारलं, कुणी काही बोललं का, तब्येतीचं काही आहे का, पैशांची ओढाताण वाटते का, वरच्या मजल्यावरच्या लोकांचा त्रास होतो का. ती म्हणाली, "हेच."

"काय हेच?"

"मी म्हटलं डोकं दुखतंय, की केव्हापासून, कुठल्या बाजूला, पाणी प्यायलीस का, पडद्यासमोर किती वेळ होतीस. मी गोळी मागितलेली नसते हो. मी नुसतं म्हटलेलं असतं. मी म्हटलं आज कंटाळा आलाय, की तुम्ही तिकिटं काढून आणता. मी पहिला शब्द बोलले की तुम्हाला शेवटचा कळलेला असतो. मग मधले मी बोलायचे कशाला?"

"मग मी काय करायला हवं?"

"बघा. परत."

मी गप्प बसलो. तेही बहुतेक चुकलं, कारण ती म्हणाली, "आता गप्प बसून मला बरं वाटतंय का ते बघताय." तसंच बघत होतो.

भांडण नाही झालं, हे तुला मुद्दाम सांगतो. झालं असतं तर मला कळलं असतं. भांडणात आवाज चढतो, उतरतो, त्यावरून अंदाज येतो. तिचा आवाज जवळजवळ प्रेमळ होता. ती म्हणाली, "मला काही बिघडलेलं नाहीये. मला दुरुस्त व्हायचं नाहीये. मला एका खोलीत दार लावून बसायचंय आणि काय वाटतं ते माझं मला बघायचंय." मी विचारलं, किती दिवस. म्हणाली, माहीत नाही. मी विचारलं, कायमची? म्हणाली, माहीत नाही म्हटलं ना. मग आम्ही जेवलो. भाजीत मीठ कमी होतं, मी काही बोललो नाही, आणि आता मला हेही कळत नाही की बोलायला हवं होतं का.

तू तिच्यासाठी खोली शोधत होतीस याचा मला राग आलेला नाही. आला होता, शुक्रवारी. काल उतरला. 'काही करू नका' हे तू कुणासाठी लिहिलं होतंस ते आता समजतं. तू खरंच बोलत होतीस आणि मी बारीक अक्षरांचा पुरावा घेऊन बसलो होतो.

यापुढचं मला तुला सांगायचं नव्हतं. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

काल दुपारी दुकानात फोन आला. ऑपरेटरबाई जेवायला गेल्या होत्या म्हणून मीच उचलला. "हॅलो, काय अडचण आहे?" मी म्हटलं, तोंडाला सवयच आहे.

"अडचण नाही, चौकशी आहे," पलीकडे एक वयस्कर बाई. आवाज खरखरीत, पण माणूस सरळ. "माझ्याकडे वर एक खोली आहे. एक बाई बघून गेल्या. मी म्हटलं, गावात कुणी ओळखीचं असेल तर नंबर द्या, मला एकट्या माणसाला खोली द्यायची म्हणजे विचारून घ्यावं लागतं. त्यांनी तुमच्या दुकानाचा नंबर दिला." आणि तिनं आईचं नाव सांगितलं. माहेरचं आडनाव लावून.

आईनं माझाच नंबर का दिला, ठमे? तिच्या मैत्रिणी आहेत, भाऊ आहे. की भावाला कळू द्यायचं नव्हतं? की मला कळावं म्हणून? की मी नाही म्हणेन आणि प्रश्न मिटेल म्हणून? की मी हो म्हणतो का ते बघायला? तिला विचारता येणार नाही, कारण विचारलं की ती म्हणणार, बघा, परत.

"हॅलो? आहात का?" ती बाई म्हणाली. "ओळखता ना त्यांना?"

मी म्हटलं, "हो."

"कशा आहेत?"

एक वाक्य पुरलं असतं. 'जरा विसराळू आहेत' म्हटलं असतं तरी चाललं असतं. 'हिशेब नीट ठेवत नाहीत.' 'येणारे-जाणारे फार.' असली वाक्यं मला जन्मभर सुचत आली आहेत. एका वाक्यात माणसाचं मन वळवायचं यावरच माझं दुकान उभं आहे. वाक्य जिभेवर होतं. ती बाई थांबली होती, आणि मला तिच्या मागे कुणीतरी भांडी लावत असल्याचा आवाज येत होता.

मी म्हटलं, "शांत आहेत. स्वच्छ आहेत. शेगडी पुसल्याशिवाय झोपायच्या नाहीत. उशी मात्र त्यांची त्यांना आणू द्या. आणि काही अडलं तरी चटकन सांगणार नाहीत, तर तुम्ही सारखं दारात जाऊन विचारू नका. सांगतील तेव्हा सगळं सांगून होईपर्यंत थांबा."

"बरंच ओळखता की," ती म्हणाली. "नात्यातल्या आहेत का?"

मी म्हटलं, "जुनी ओळख आहे."

"मग देऊ ना खोली?"

ठमे, तिथे मी दाताच्या डॉक्टरांपेक्षा जास्त वेळ गप्प होतो.

"द्या," मी म्हटलं.

मग तिनं विचारलं की तिच्या घरी इंटरनेट जिन्याच्या वर पोचत नाही त्याला काय करावं, आणि मी तिला मशीन कुठल्या भिंतीला लावायचं ते नीट समजावून सांगितलं. तिनं विचारलं होतं म्हणून. वरच्या खोलीत ते आता पोचेल.

घरी आलो तेव्हा आई खोकं भरत होती. लोकर वर, सुया खाली, साड्या नाहीत. तिनं काही विचारलं नाही, मीही फोनचं काही सांगितलं नाही. तिला कळलंय की नाही हे मला तिच्या पाठीवरून ओळखता आलं नाही. मी दोन्ही कान देऊन ऐकत होतो, पण दोरीच्या गाठीशिवाय काही ऐकू आलं नाही. 'खोकं मी उचलू का' हे विचारावं की विचारू नये ते ठरवेपर्यंत तिनं ते स्वतःच दाराशी नेऊन ठेवलं.

मी लिहायला बसलोय हे ती बघतेय. मघाशी मी विचारलं, ठमीला तुझा काही निरोप लिहू का. ती म्हणाली, "नको. मी लिहीन माझं मी."

म्हणून हे पत्र माझ्या एकट्याचंच.

बाबा